हिप्परग्याचे मुख्याध्यापक

परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला तरुण शिक्षक व्हावयाचे मनात धरतो, तेव्हा त्याच्यापुढे लांबची वाट असते. पदवी मिळवावयाची, मग दोन वर्षे अध्यापक महाविद्यालयात काढावयाची, रात्री जागून पाठांची टाचणे लिहावयाची आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी वर्गापुढे, निरीक्षकांच्या देखत, सरावाचे पाठ घ्यावयाचे. त्यानंतर शासनाची शिक्षक पात्रता परीक्षा. एवढे सारे होऊन एखाद्या खाजगी शाळेत नेमणूक मिळाली, तरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा कागद हाती पडेपर्यंत त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. हे सर्व कागद तो जपून ठेवतो. त्यांतील बी. एड. च्या पदवीचा कागद नांदेडच्या विद्यापीठाकडून येतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी असलेल्या या विद्यापीठास एका संन्याशाचे नाव दिलेले आहे. ते नाव म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ.

हे नाव ज्यांचे, ते स्वतः शिक्षक होते. परंतु त्यांनी जी पदवी मिळविली, ती त्या वेळच्या सरकारने मान्य केलेल्या विद्यापीठाची नव्हती. आणि ज्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले, ती शाळाही सरकारच्या मदतीने उभी राहिलेली नव्हती. आज ज्यांच्या नावाची मुद्रा उमटल्यावर हजारो तरुण शिक्षक होतात, त्यांच्या स्वतःच्या शिक्षकपणावर मात्र कोणत्याही सरकारी कचेरीची मुद्रा नव्हती. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी त्यांच्या जीवनाची वाट पहिल्यापासून पाहिली पाहिजे.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश, आडनाव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटक राज्यात आहे. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा त्या मुलखात शेजारणींसारख्या नांदत आल्या आहेत. अशा सीमेवरच्या भूमीत वाढणाऱ्या मुलाला दुसऱ्याची भाषा परकी वाटत नाही, आणि स्वतःच्या भाषेचे मोलही लवकर कळते. पुढील आयुष्यात व्यंकटेशाला या दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

शिक्षणासाठी तो सोलापूरला आला. तो काळ मोठ्या खळबळीचा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले. सारा महाराष्ट्र शोकात बुडाला. व्यंकटेश त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांचा होता. त्या वयातील मुलांना दुःख होते आणि ते काही दिवसांत ओसरते. परंतु या मुलाने त्याच दिवशी आजन्म ब्रह्मचर्य पाळण्याची आणि देशसेवेसाठी आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा केली. पुष्कळांच्या बाबतीत असल्या प्रतिज्ञा वयाबरोबर विरून जातात. त्याची प्रतिज्ञा मात्र अखेरच्या श्वासापर्यंत टिकली.

त्याच वर्षी महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा व महाविद्यालये सोडावीत, हा त्या चळवळीचा एक भाग होता. आज ही गोष्ट वाचताना सोपी वाटते. परंतु त्या काळी मॅट्रिकचे प्रमाणपत्र म्हणजे मध्यम स्थितीतल्या घराचा आधार असे. त्यावर कारकुनी मिळे, मास्तरकी मिळे, पुढच्या शिक्षणाचे दार उघडे. ते प्रमाणपत्र हाताशी आलेले असताना शाळेबाहेर पडणे म्हणजे स्वतःच्या हाताने शिडी काढून घेण्यासारखेच होते. व्यंकटेशाने ती काढून घेतली. सरकारी शिक्षणाचा मार्ग त्याने सोडला तो कायमचा.

शाळा सोडली, पण शिक्षण सोडले नाही. असहकाराच्या लाटेत देशात ठिकठिकाणी राष्ट्रीय विद्यापीठे निघाली. १९२० साली अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामिया सुरू झाली. १९२१ साली काशी विद्यापीठ निघाले, आणि पुण्यात लोकमान्यांच्या नावाने टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांना सरकारी अनुदान नव्हते, आणि त्यांच्या पदव्यांना सरकारी नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. तेथे शिकविणारे अध्यापक अल्प वेतनावर काम करीत, आणि शिकणारे विद्यार्थी नोकरीची आशा बाहेर ठेवून येत. व्यंकटेश पुण्यास आला आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम. ए. झाला. अभ्यासात त्याने कसूर केली नाही. सरकारची मान्यता नको, याचा अर्थ कष्टही नकोत, असा त्याने कधीच घेतला नाही. ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण बंडखोरीच्या नावाखाली आळस लपविणारे लोक प्रत्येक काळात असतात.

शिक्षण पुरे झाल्यावर काही काळ त्यांनी मजुरांच्या चळवळीत काम केले. ना. म. जोशी हे हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे एक आद्य पुढारी. ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासदही होते. त्यांचे चिटणीस म्हणून व्यंकटेशरावांनी मुंबईस व दिल्लीस काम पाहिले. गिरण्यांतील मजुरांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. कायदेमंडळात प्रश्न कसे मांडले जातात, हेही पाहिले. परंतु या धकाधकीत त्यांच्या प्रकृतीने दगा दिला. गंभीर आजारातून उठल्यावर त्यांना दुसरे कार्यक्षेत्र शोधावे लागले. ते क्षेत्र त्यांना मराठवाड्यात सापडले.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे त्याचे पाच जिल्हे. परभणी जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. आजच्या हिंगोली जिल्ह्याचा मुलूख त्यात होता, आणि आता जालना जिल्ह्यात असलेले परतूरही त्यातच मोडत असे. गोदावरीच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन, ज्वारीची व कापसाची शेते, गंगाखेडला संत जनाबाईंची आठवण, अशी ही भूमी. परंतु विद्येच्या बाबतीत तिची दैना होती. संपूर्ण संस्थानात शंभरांतील दहा माणसांनाही लिहितावाचता येत नव्हते.

सरकारी शाळा थोड्या. त्यांतही प्राथमिक वर्ग मागे टाकले की पुढील शिक्षण उर्दूतून चाले. शाळांची नावेही तशीच. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मधली ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. शिक्षकास मुदर्रिस म्हणत आणि शाळा तपासावयास येणाऱ्या अधिकाऱ्यास मोहतमीम. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे खरे. आणि उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु घरी मराठी, तेलुगु किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला गणित, भूगोल आणि इतिहास हे सारे विषय अनोळखी भाषेच्या पडद्याआडून येत. हुशार मुलेही अडखळत, आणि साधारण मुले शाळा सोडून बैलांमागे जात.

यावर एक उपाय होता. लोकांनी आपल्या शाळा आपणच काढाव्या. तसे प्रयत्न झालेही. १९०७ साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले, १९१५ साली औरंगाबादेस सरस्वती भुवन सुरू झाले. हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी होती. परंतु १९२४ साली निजाम सरकारने खाजगी शाळांविषयी नवे नियम केले. पूर्वपरवानगी घेतल्यावाचून खाजगी शाळा उघडता येऊ नये, असे ते नियम होते. गावोगाव चालणाऱ्या लहान लहान शाळा त्यामुळे बंद पडल्या. शाळा कोणी काढावी आणि कोणी काढू नये, हे ठरविण्याची किल्ली सरकारने आपल्या कमरेला लावून घेतली. पुढे १९२९ साली सभा भरविण्यावरही कडक बंधने आली. त्या हुकुमाचा अनुक्रमांक त्रेपन्न होता, म्हणून गश्ती निशाण त्रेपन्न या नावानेच तो लोकांच्या स्मरणात राहिला.

अशा दिवसांत, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, हिप्परगा या आडगावी एक राष्ट्रीय शाळा चालली होती. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी या दोघांच्या पुढाकाराने ती १९२१ साली सुरू झाली होती. गाव लहान, साधने तुटपुंजी, आणि सरकारची नजर मैत्रीची नव्हे. सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या पालकास अशा शाळेचे आकर्षण वाटण्याचे कारण नव्हते. ज्यांना आपली मुले आपल्या भाषेत, आपल्या मातीशी नाते राखून शिकावीत असे वाटे, तेच आपली मुले तेथे धाडीत. या शाळेत १९२९ साली व्यंकटेशराव खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून आले. तेव्हा त्यांचे वय सव्वीसच्या आत होते.

मुंबई इलाख्यात त्या काळी शिक्षक होण्याचा ठरलेला मार्ग होता. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यावयाची, मग ट्रेनिंग कॉलेजात जाऊन एक, दोन किंवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा. असा शिक्षक गावात ट्रेंड मास्तर म्हणून ओळखला जाई, आणि त्याचा पगारही त्या मानाने ठरे. हिप्परग्याच्या नव्या मुख्याध्यापकांनी यांपैकी काहीच केलेले नव्हते. त्यांची एम. ए. ची पदवी मोहतमिमाच्या दप्तरात लिहून ठेवण्याजोगी नव्हती. मग त्यांना शिक्षक म्हणून मान्यता देणार कोण? ती मान्यता त्यांना रोज नव्याने मिळवावी लागली. ती देणारे दोनच होते. एक, समोर बसलेली मुले. आणि दुसरे, आपल्या घासातला घास काढून शाळेला देणारे गावकरी.

हिप्परग्यास शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत. घंटा झाली की गुरुजी घरी गेले आणि मुलांचा संबंध संपला, असे तेथे होत नसे. शिक्षक काय खातो, पहाटे केव्हा उठतो, रागावला असता कसा बोलतो, आपली चूक कबूल करतो की झाकतो, हे सारे मुलांना दिसत असे. आजचा निरीक्षक वर्षातून एक-दोन वेळा येतो आणि पाठ संपला की निघून जातो. हिप्परग्याचे निरीक्षक मात्र आठही प्रहर तेथेच असत. त्यांच्या परीक्षेला उतरणे सोपे नव्हते. नवे मुख्याध्यापक त्या परीक्षेला उतरले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी सहकारी त्यांना तेथे लाभले, आणि या दोघांचा स्नेह पुढे दीर्घकाळ टिकला.

तेथे आल्यावर थोड्याच महिन्यांनी, १४ जानेवारी १९३० रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतली दीक्षा त्यांनी घेतली, आणि त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थ हे स्वतः पूर्वाश्रमी लाहोरास गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. परंतु प्राध्यापक रामतीर्थांनी संन्यास घेतला तेव्हा त्यांचे अध्यापन सुटले. हिप्परग्याचे स्वामीजी मात्र भगवी वस्त्रे नेसून पुन्हा त्याच वर्गात आले. संन्यास म्हणजे घरदार, मानमरातब आणि धनाची आशा यांचा त्याग. मुलांचा त्याग करावा, असे त्यांना कोठेच आढळले नाही. हिमालयाची वाट धरण्याऐवजी त्यांनी खडू हाती घेतला, आणि काळ्या फळ्यापुढे उभे राहून मुलांना शिकविण्यातच आपली साधना मानली.

१९३५ साली स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस आले. निजामी कारभारात या गावाचे नाव मोमिनाबाद असे होते. दासोपंतांच्या वास्तव्याने पावन झालेले आणि योगेश्वरीच्या देवळाने प्रसिद्ध असलेले हे गाव. तेथील योगेश्वरी विद्यालय हे त्यांचे नवे कार्यक्षेत्र झाले. हिप्परग्याच्या आडगावातील निष्ठा आता मोठ्या गावात आली. आसपासच्या जिल्ह्यांतून मुले तेथे येऊ लागली. मराठवाड्याच्या पुढील इतिहासात ज्यांनी कामगिरी बजावली, अशा पुष्कळ कार्यकर्त्यांच्या मनाची मशागत या शाळांत झाली.

शाळा चालविता चालविता स्वामीजींना एक गोष्ट अधिकाधिक स्पष्ट दिसू लागली. शिक्षकाने कितीही जीव तोडून शिकविले, तरी मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, गावात शाळा असावी की नसावी, शिक्षकांनी पाच माणसे जमवून चार शब्द बोलावेत की बोलू नयेत, हे ठरविणारे दुसरेच कोणी होते. आणि त्यांना जाब विचारण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. वर्गाच्या चार भिंतींत जे पेरावे, ते भिंतीबाहेर पाऊल टाकताच करपून जावे, अशी ती अवस्था होती. प्रजेच्या हाती राज्यकारभार आल्यावाचून शाळेचेही भले होणार नाही, अशी त्यांची खात्री होत चालली.

या विचाराला परभणी जिल्ह्यातच एक व्यासपीठ मिळाले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. गोविंदराव नानल हे अध्यक्ष होते. संस्थानातील मराठी भाषिक लोक आपल्या हक्कांचा विचार करण्यासाठी प्रथमच अशा रीतीने एकत्र जमले. पुढील वर्षी, १९३८ मध्ये, लातूरला दुसरे अधिवेशन झाले आणि स्वामीजी परिषदेचे सरचिटणीस झाले.

येथे त्यांच्यापुढे अवघड निवड आली. खाजगी शाळा ही परवानगीच्या बारीक दोऱ्याला टांगलेली. तिचे मुख्याध्यापक सरकारशी झुंजू लागले, तर तो दोरा केव्हा तुटेल याचा नेम नव्हता. दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालणे शक्य नव्हते. आपल्या हाताने वाढविलेले वर्ग, ओळखीच्या झालेल्या मुलांची तोंडे, सकाळच्या प्रार्थनेची वेळ, हे सारे सोडून जाणे संन्याशालाही सोपे नसते. घरदार सोडताना जी ओढ त्यांना अडवू शकली नाही, ती शाळा सोडताना जाणवली असेल, तर त्यात नवल नाही. १९३८ साली स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला आणि ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्यांच्या पाठोपाठ एक नवी घटना घडली. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. सरकारने मनाई केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत, तेव्हा शेकडो मुलांची नावे महाविद्यालयाच्या पटावरून काढून टाकण्यात आली. त्यांचे शिक्षण अर्ध्यावर तुटले. पदवीची आशा संपली. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली आणि त्यांतील पुष्कळांना प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पां. वें. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकीच एक होते, आणि ते स्वामीजींच्या अनुयायांतही मोडत. अठरा वर्षांपूर्वी सोलापुरात एका मुलाने तत्त्वासाठी प्रमाणपत्रावर पाणी सोडले होते. आता तोच प्रश्न मराठवाड्यातील मुलांपुढे उभा राहिला, आणि त्यांनीही तेच उत्तर दिले. शिक्षकाने वर्ग सोडला होता, पण त्याचा पाठ चालूच होता.

यानंतरच्या दहा वर्षांत तुरुंग हे स्वामीजींचे जणू दुसरे घर झाले. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांना अटक झाली. १९४२ च्या लढ्यात ते पुन्हा बंदिवासात गेले. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत होता. निजामाचे राज्य मात्र भारतात सामील होण्यास तयार नव्हते. त्या दिवशी हैदराबादेस तिरंगा ध्वज फडकावून स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांची सुटका झाली, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडण्यात आले. त्या वर्षभरात रझाकारांच्या अत्याचारांनी प्रजा त्रस्त झाली. कित्येक विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडून लढ्यात उडी घेतली. कित्येक शिक्षकांनी सीमेवरच्या शिबिरांत काम केले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. परभणीसह साऱ्या मराठवाड्यात तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून आजही पाळला जातो.

लढा जिंकलेल्या पुढाऱ्याला सत्तेचे आसन सहज मिळाले असते. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. भाषावार राज्ये व्हावीत आणि हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन प्रत्येक भाषिक समाज आपल्या बांधवांत जावा, हे मत त्यांनी निर्भयपणे मांडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे, यासाठी हिप्परग्याच्या शाळेत सुरू झालेली धडपड अशा रीतीने सफळ झाली.

राजकारणाच्या गर्दीतही त्यांच्यातला शिक्षक निजला नाही. स्वातंत्र्यापूर्वी मराठवाड्यात उच्च शिक्षणासाठी औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज सोडल्यास जवळपास काहीच नव्हते. नांदेडच्या किंवा परभणीच्या मुलाने हैदराबादची गाडी धरावी, नाही तर शिक्षणावर तुळशीपत्र ठेवावे, अशी स्थिती होती. १९५० साली औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने महाविद्यालय सुरू केले, आणि त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. हे कॉलेज काढणाऱ्या नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या मुळाशी स्वामीजींची प्रेरणा होती. कॉलेजला त्यांनी आपले नाव दिले नाही, कोणा धनिकाचेही दिले नाही; लोकांचे कॉलेज एवढेच त्याचे नाव. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. गोदेच्या काठी विद्येचा जो दुष्काळ होता, तो हळूहळू ओसरू लागला.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. तेथे बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्या जिल्ह्यात एके काळी खाजगी शाळा उघडण्यासही परवानगीची याचना करावी लागे, त्याच जिल्ह्यात विद्यापीठ आले, हे पाहावयास मात्र ते उरले नाहीत. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनाचे औचित्य साधून, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन करण्यात आले आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले.

स्वामीजींची ही कथा वाचून कोणी असा अर्थ काढील, की प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची शिक्षकाला गरज नाही. तसा अर्थ काढणे चुकीचे होईल. स्वामीजींनी जी मान्यता नाकारली, ती प्रजेला मुके ठेवणाऱ्या परक्या आणि एकतंत्री सत्तेची होती. आज पात्रतेचे नियम लोकांनी निवडलेले शासन करते, आणि ते मुलांच्या हितासाठी असतात. ज्याला स्वतःला नीट येत नाही, त्याच्या हाती कोवळी मुले देऊ नयेत, एवढाच त्यांचा हेतू आहे. वैद्याच्या हाती रोगी देण्यापूर्वी आपण त्याची विद्या तपासतो. मग शिक्षकाची का तपासू नये? स्वामीजीही अभ्यासावाचून वर्गात गेले नाहीत. सरकारी पदवी सोडल्यावर त्यांनी दुसरी पदवी तितक्याच कष्टाने मिळविली होती.

परंतु कागदाने जेथे थांबावयाचे, तेथून पुढे शिक्षकाची खरी परीक्षा सुरू होते, हे मात्र या चरित्रावरून निःसंशय कळते. विद्यापीठाची पदवी वर्गाचे दार उघडून देते. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता त्या दारातून आत जाऊ देते. आत गेल्यावर समोर चाळीस-पन्नास मुले बसलेली असतात. त्यांच्याजवळ शिक्का नसतो, सही नसते, जावक क्रमांक नसतो. ती केवळ पाहत असतात. आपल्या गुरुजींचे बोलणे आणि वागणे एक आहे की दोन, हे ती न सांगता ओळखतात, आणि तो निकाल जन्मभर मनात जपतात.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा किंवा पालम येथील एखादा तरुण दरवर्षी नांदेडहून आलेले आपले प्रमाणपत्र उलगडून पाहतो. आईला दाखवितो, देवापुढे ठेवतो, मग जपून कपाटात ठेवून देतो. त्यावरील नाव वाचताना हिप्परग्याची ती लहानशी शाळा आणि भगव्या वस्त्रांतले ते तरुण मुख्याध्यापक त्याच्या डोळ्यांसमोर क्षणभर उभे राहिले, तर उद्याच्या पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकताना त्याला आपल्या कामाचे मोल अधिक समजेल.